मोजपट्टी नागपूरची, मूल भंडाऱ्याचे : विकासात्मक अक्षमतेच्या अभ्यासाची प्रस्तावना

समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावातून एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला निघाली आहे. मूल उशिरा चालले, उशिरा बोलले, शाळेत त्याचे चित्त लागत नाही. 'सर्टिफिकेट काढून घ्या' असे कोणीतरी तिला सांगितले आहे. रुग्णालयात मानसतज्ज्ञ तिला समोर बसवून विचारू लागतात. हा स्वतःच्या हाताने जेवतो का? शर्टाची बटणे लावतो का? शेजारच्या घरी एकटा जातो का? दुकानातून काडेपेटी आणायला सांगितली तर आणतो का? आई सांगत जाते, कागदावर खुणा होत जातात. शेवटी बेरीज होते आणि तीतून एक आकडा निघतो. त्या आकड्यावरून अक्षमतेची टक्केवारी ठरते आणि टक्केवारीवरून सवलत, पेन्शन, शाळेतली सोय.

ज्या प्रश्नावलीवर हे घडते, तिच्या नावात एक शब्द आहे. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो शब्द आहे 'नागपूर'. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड येथील प्रशिक्षण शाळेत एडगर डॉल यांनी १९३५ साली 'व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल' ही सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी तयार केली. तिचे भारतीय रूपांतर १९६०च्या दशकात डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात केले. जेवण, कपडे, चालणे-फिरणे, बोलणे, कामधंदा, मिळून-मिसळून राहणे अशा आठ अंगांवर पसरलेले ८९ प्रश्न, जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतचे. भारतीय मुलांसाठीची 'मालिन बुद्धिमत्ता चाचणी'ही त्यांचीच. दिल्ली असो, चेन्नई असो, देशभरातले मानसतज्ज्ञ आजही 'नागपूर रूपांतर' म्हणूनच ही प्रश्नावली ओळखतात.

भंडारा ते नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे देशभरातल्या मुलांना लावली जाणारी मोजपट्टी आपल्या शेजारघरी बनली. तरी त्या आईला मोजणीच्या दिवशी एक आकडा मिळतो आणि दुसऱ्या दिवसापासून काय करायचे ते तिचे तिलाच ठरवावे लागते. मूल मोजणारे शास्त्र भंडाऱ्यापर्यंत आले. मुलासोबत चालणारे शास्त्र अजून वाटेतच आहे. या अभ्यासक्षेत्रात नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांचे स्वागत करताना हे अंतर आधी दाखवणे मला योग्य वाटते, कारण ते कापणे हेच त्यांचे काम आहे.

क्षेत्र कशाचे?

मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीच्या काळातच सुरू होणाऱ्या, आणि बहुधा आयुष्यभर सोबत राहणाऱ्या अडचणींना 'विकासात्मक अक्षमता' म्हणतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, डाउन सिंड्रोमसारख्या जनुकीय कारणांतून येणाऱ्या अडचणी हे सारे तिच्यात येते. यातल्या पुष्कळशा स्थिती औषधाने जात नाहीत. पण वेळेवर ओळख, योग्य शिक्षण, घरच्यांना मार्गदर्शन आणि गावाचा आधार मिळाला तर माणसाचे जगणे फार बदलते. म्हणून हे क्षेत्र एकट्या डॉक्टरचे नाही. त्यात बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी करणारे, समाजकार्यकर्ते, आणि सर्वांत आधी आई-वडील आहेत.

शब्दांचीही वाटचाल ध्यानात घ्यावी. 'मतिमंद' हा शब्द आपल्याकडे शाळांच्या पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर वर्षानुवर्षे होता. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५च्या कायद्यात सात प्रकारच्या अक्षमता मोजल्या होत्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती संख्या २१ वर नेली, आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. विदर्भाच्या घराघरांत माहीत असलेला सिकलसेलही याच यादीत आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा वेगळा आहे. शब्द बदलला की दृष्टी आपोआप बदलते असे नाही, पण जुना शब्द धरून नवी दृष्टी येणे अवघड जाते.

विद्यापीठ यात का?

१९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी बौद्धिक अक्षमतेवर तज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती, त्यामुळे प्रश्न घरातला होता. त्यातून झालेल्या कायद्यावर ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी सही केली. तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. त्या कायद्याने विद्यापीठांशी जोडलेली केंद्रे उभारण्यासाठी पैसा दिला. आज अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात असे किमान एक केंद्र आहे. या केंद्रांची कल्पना साधी आहे: जिथे विद्यार्थी शिकतात तिथेच कुटुंबांना सेवा मिळावी, त्या सेवेतून जे प्रश्न उठतील त्यांवर संशोधन व्हावे, आणि संशोधनातून जे हाती लागेल ते गावापर्यंत व सरकारपर्यंत पोचवावे. अध्यापन, सेवा आणि संशोधन एका छपराखाली असले की एक दुसऱ्याला जागे ठेवते. शिकवणारा रोज कुटुंबाला भेटतो, म्हणून त्याचे पुस्तक शिळे होत नाही. सेवा देणारा नोंद ठेवतो, म्हणून त्याचा अनुभव त्याच्याबरोबर निवृत्त होत नाही.

आपल्याकडे ही तीन कामे वेगवेगळ्या घरांत वाढली. ती घरे थोरच आहेत. १९३४ साली व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीचे रूपांतर मुंबई इलाख्यातल्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी केले. 'बिने-कामत' आजही वापरात आहे. १९४४ साली मुंबईत जेरबाई वकील यांनी आपल्या मुलीच्या गरजेतून शाळा काढली. तीच आजची जय वकील. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी आशियातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण आले. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' उभी राहिली. १९७२ साली मुंबईत मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली, तीही मुलीच्या निमित्ताने. नाशिकला १९७७ साली रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी' सुरू केली. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: आधी घरात मूल येते, मग शाळा निघते, आणि विद्यापीठ बऱ्याच उशिराने पदवी द्यायला येते.

अपवाद आहेत, आणि त्यांच्याकडूनच शिकायचे आहे. मराठी माणसाला बडोदा परके नाही. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बाळांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यातून हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ टप्प्यांची मोजणी तयार झाली. भारतीय बाळ केव्हा मान धरते, केव्हा बसते, केव्हा वस्तू शोधते, याचे उत्तर आता परदेशी तक्त्यात शोधावे लागत नाही. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. सिकंदराबादला १९८४ साली राष्ट्रीय संस्था निघाली. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायांच्या शिक्षणाला आणि नोंदणीला शिस्त आली. नागपुरात केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. भंडाऱ्याची महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. म्हणजे साधने आहेत. ती एकमेकांना भेटण्याची जागा हवी.

भंडाऱ्याचा प्रश्न

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात सात तालुके उरले: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख, आणि पाचांतली चार माणसे खेड्यात. वैनगंगा, मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या. पावसाळ्यात रोवणी लागली की घरातले सगळे हात शेतात असतात, आणि तेव्हा नागपूरच्या थेरपीची तारीख चुकते. शहरातल्या केंद्राच्या वहीत याची नोंद 'पालक अनियमित' अशी होऊ शकते. शेतीच्या पंचांगाशी जुळणारे उपचाराचे वेळापत्रक हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे ज्याला पटले त्याला या क्षेत्राचा पहिला धडा समजला.

दुसरा धडा नवजात बाळांचा आहे. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाचे नाव साऱ्या देशाने ऐकले ते ९ जानेवारी २०२१च्या पहाटे लागलेल्या आगीमुळे. तीत दहा बाळे गेली. ते दुःख विसरण्यासारखे नाही. त्याच कक्षाची दुसरी, शांत बाजूही अभ्यासकाने पाहिली पाहिजे. अशा कक्षांतून वाचून घरी जाणारी बाळे कमी वजनाची, दिवस न भरलेली, जन्मताच रडायला उशीर झालेली असतात. ती जगली, हे मोठे यश. पण ती पुढे कशी बोलली, कशी चालली, शाळेत गणित कसे करतात, हे पाहिले नाही तर यशाचा निम्मा हिशेब राहून जातो.

हा हिशेब कसा ठेवायचा ते पुण्याने दाखवले आहे. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात पुण्याच्या केईएम रुग्णालयातून घरी गेलेल्या, दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी माग ठेवला, एक-दोन वर्षे नाही, तर मुले अठरा वर्षांची होईपर्यंत. बाराव्या वर्षी दिसले ते असे: दिवस भरण्याआधी आणि त्या दिवसांच्या मानानेही कमी वजनाची जन्मलेली मुले बुद्धीच्या मोजणीत मागे होती, तरी बहुतेक सर्वसाधारण मर्यादेत, अडचण लिहिण्यात, गणितात, डोळा आणि हात यांच्या मेळात होती. शाळेतले मास्तर ज्याला 'आळशी' म्हणतात, त्या मुलाच्या वहीमागे जन्माच्या वेळचे वजन असू शकते, हे अठरा वर्षे चिकाटीने दार ठोठावल्याशिवाय कळले नसते.

२०१३ साली महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा या कामाचा सरकारी पाया. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात, आणि शंका आलेले मूल जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. रचना चांगली आहे. तिच्यात विद्यापीठाने भर घालायची ती पाठवल्यानंतरच्या वाटेची: किती मुले केंद्रापर्यंत पोचली, किती दुसऱ्यांदा आली, आली नाहीत ती का आली नाहीत.

मुलाची बोली

या जिल्ह्यात काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. इथली घरची बोली झाडीबोली आहे. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही. पाण्याला 'पानी' म्हणतात आणि डोळ्याला 'डोरा'. पुण्या-मुंबईत शिकलेला वाचा-उपचारतज्ज्ञ साकोलीच्या मुलाला चित्र दाखवतो, मूल 'डोरा' म्हणते, आणि कागदावर उच्चारदोष लिहिला जातो. दोष मुलात नसतो, तक्त्यात असतो. याच्या उलटही घडू शकते: खरा उच्चारदोष 'बोलीच तशी आहे' म्हणून सोडून दिला जातो. दोन्ही चुका टाळायच्या तर झाडीबोलीतल्या मुलांच्या भाषाविकासाची नोंद हवी. दोन वर्षांचे मूल किती शब्द बोलते, कोणते आवाज आधी येतात, वाक्य केव्हा जुळते. हे काम मराठी विभागातला विद्यार्थी आणि वाचा-उपचारातला विद्यार्थी यांनी मिळूनच करावे लागेल. एम.ए.च्या प्रबंधाला विषय मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी याची जरूर नोंद घ्यावी.

खेड्यात संशोधन होते का?

होते, आणि याच वैनगंगेच्या खोऱ्यात झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे घरभेटीची ती पद्धत देशाच्या आरोग्यधोरणात आली.

विकासात्मक अक्षमतेत जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथल्या 'संगात' संस्थेने ब्रिटनमधल्या विद्यापीठांसोबत गोवा आणि रावळपिंडी इथे स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत तपासून पाहिली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्यात होती. पालकांना शिकवणारे तज्ज्ञ नव्हते. तयारी करून घेतलेले स्थानिक कार्यकर्ते होते. आई-वडील मुलाशी खेळत, ते खेळणे चित्रित होई, आणि कार्यकर्ते त्यांच्याबरोबर ते पाहून मूल कुठे साद देते ते दाखवून देत. पालक-मुलाच्या संवादात सुधारणा झाली, आणि २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या जिल्ह्याने केवळ तज्ज्ञांची वाट पाहत बसू नये, असा याचा अर्थ आहे.

आकड्यांबाबत मात्र सावध राहावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय पाहणीत पाच ठिकाणची ३,९६४ मुले तपासली गेली. त्यांत उत्तर गोवाही होता. दोन ते सहा वयोगटात सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वयोगटात सुमारे १३ ते १४ टक्के मुलांत मेंदूच्या विकासाशी संबंधित एखादी तरी अडचण आढळली. पण ठिकाणानुसार लहान गटातले प्रमाण ३ टक्क्यांपासून जवळपास १९ टक्क्यांपर्यंत बदलत होते. हा आकडा उचलून भंडाऱ्याच्या लोकसंख्येला गुणू नये. भंडाऱ्याचे उत्तर भंडाऱ्यातच शोधावे.

पंधराव्या वर्षानंतर

नागपूरची मोजपट्टी पंधराव्या वर्षी संपते. आपला विचारही बरेचदा तिथेच संपतो. जानेवारी २०१८च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत या मोजपट्टीवरचा गुण ५५ ते ६९ आला तर ५० टक्के अक्षमता धरली होती, ७० ते ८४ आला तर २५ टक्के. सवलतींची सीमारेषा ४० टक्क्यांची. म्हणजे त्या हिशेबाने ६९ आणि ७० यांच्यातला एक गुण घराचे नशीब बदलू शकत होता. मोजणाऱ्याचे प्रशिक्षण किती महत्त्वाचे, हे सांगायला दुसरे उदाहरण नको.

पण मूल पंधराचे विसाचे होते, विसाचे चाळिसाचे. ज्याला पैसे मोजता येत नाहीत असा तरुण रोवणीत सरळ ओळ धरतो, पऱ्ह्यांच्या पेंढ्या वेळेवर पोचवतो, गुरे बिनचूक घरी आणतो. त्याच्या या कौशल्याला कोणत्याही प्रमाणपत्रात जागा नाही. कोसा रेशीम, भंडाऱ्याची पितळी भांडी, तलावातली मासेमारी, भातगिरण्या या इथल्या कामांतली कोणती पायरी कोणाला जमेल, याचा पद्धतशीर अभ्यास झाला तर 'व्यावसायिक प्रशिक्षण' म्हणजे मेणबत्त्या आणि पाकिटे, ही ठरीव समजूत मोडेल. आणि आई-वडिलांच्या मनातला रात्रीचा प्रश्न: आमच्यानंतर याचे काय? राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. पण समिती पालक नेमू शकते. शेजार नेमू शकत नाही. तो तयार करावा लागतो.

नव्या वाचकास

या क्षेत्रात येणाऱ्याला वेगळी हुशारी लागत नाही. तीन सवयी लागतात. आईचे बोलणे 'अंदाज' म्हणून बाजूला न ठेवता पुरावा म्हणून लिहून घेणे. ज्याच्यावर अभ्यास करतो त्या माणसाची, त्याला समजेल अशा शब्दांत परवानगी घेणे, आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष आधी त्याच्या अंगणात सांगणे. तिसरी सवय परत जाण्याची. पहिल्या भेटीत कुटुंब तुम्हाला सरकारी माणूस समजते, दुसऱ्या भेटीत ओळख पटते, आणि खरे काय ते तिसऱ्या भेटीत सांगते.

तुम्ही बी.एड.चे विद्यार्थी असाल, परिचारिका असाल, अंगणवाडीताई असाल किंवा अशा मुलाचे आई-बाप असाल, तुमच्यासाठी इथे जागा आहे. पालकांना तर मी वाचक म्हणून नाही, सह-अभ्यासक म्हणून बोलावतो आहे. कारण या क्षेत्रातल्या थोर संस्थांतल्या कितीतरी त्यांनीच उभ्या केल्या.

सुरुवात लहान करा. तुमच्या गावातले एक मूल निवडा, ज्याचे प्रमाणपत्र पेटीत घडी करून ठेवले आहे. रोवणी आटोपली की त्याच्या घरी जा. पहिल्या दिवशी प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. नुसते बसा, चहा घ्या, ते मूल काय काय करते ते पाहा. महिन्याने पुन्हा जा, आणि वर्षभर जात राहा. त्या वर्षाची वही हा भंडाऱ्यातल्या संशोधनाचा पहिला कागद असेल.